काहीच न पाठवण्याचा गट

ग्राहकांच्या याद्या फोडणं हा माझा धंदा. सराफांच्या पेढ्या, कपड्यांच्या दुकानांच्या साखळ्या, औषधविक्रेते, सुपरमार्केट यांच्याकडे वर्षानुवर्षांची बिलं संगणकात साठलेली असतात. ती सॉफ्टवेअरमध्ये ओढायची, माणसांचे गट पाडायचे आणि कुठल्या गटाला कुठली सवलत, कुठल्या शब्दांत, कुठल्या दिवशी कळवायची हे ठरवायचं. पूर्वी यातला बराचसा वेळ एक्सेलशी झटापट करण्यात जायचा. आता पडद्यावर दोन-तीन अटी टाकल्या की गट तयार होतो, त्यात किती माणसं बसली ते लगेच दिसतं आणि खालीच पाठवण्याचं बटण असतं. हे इतकं सोपं झालं म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. यादीतला सगळ्यांत मोलाचा गट म्हणजे ज्याला मुद्दाम काहीही पाठवलेलं नसतं तो. चिठ्ठ्या टाकून निवडलेला, बाकीच्यांसारखाच, फक्त मेसेज न मिळालेला. आमच्याकडे त्याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. बहुतेक मोहिमांत तो नसतो, आणि तो नसला की बाकीच्या गटांबद्दल आपण जे काही बोलतो ते पडताळून पाहायला मार्गच उरत नाही.

हे समजायला गट पाडण्याची विद्या कुठून आली ते पाहावं लागतं. वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये लेख लिहून बाजार एकजिनसी नसतो, त्यात वेगवेगळ्या मागण्यांचे छोटे बाजार दडलेले असतात, असं मांडलं. तो विचार कुणासाठी काय बनवायचं यासाठी होता. आम्ही रोज वापरतो ती रीत मात्र टपालाने कॅटलॉग धाडून माल विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या हिशेबातून आली. छपाई आणि पोस्टेज महाग, तेव्हा कॅटलॉग कुणाला पाठवायचा नाही हे ठरवणं भाग होतं. त्यासाठी तीन प्रश्न पुरत: गिऱ्हाईक शेवटचं कधी आलं, किती वेळा आलं, त्याने किती पैसे खर्च केले. यालाच आरएफएम म्हणतात. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराच्या पाच पायऱ्या केल्या की पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५ खण होतात आणि प्रत्येक माणूस कुठल्या तरी खणात बसतो. ही रीत साधी आहे, जुनी आहे आणि चांगली चालते. नुकतंच, वारंवार आणि भरपूर खरेदी केलेलं गिऱ्हाईक पुन्हा येण्याची शक्यता खरोखरच जास्त असते. पण कोण खरेदी करेल, एवढंच ती सांगते. मोहिमेचे पैसे भरणाऱ्याला हवं असतं ते वेगळं उत्तर: आपण बोललो म्हणून कोण खरेदी करेल?

या दोन प्रश्नांतल्या फरकावर आमच्या धंद्यातलं बरंचसं यश उभं आहे. कुठल्याही दुकानाच्या यादीतला वरचा गट घ्या, त्याला काहीही पाठवा, प्रतिसाद उत्तमच येणार. ती माणसं येणारच होती. डॅशबोर्ड मात्र मेसेज गेल्यानंतर सात किंवा पंधरा दिवसांत झालेली सगळी विक्री मोहिमेच्या खात्यावर मांडतो, बैठकीत तो आलेख दाखवला जातो आणि पुढच्या वेळी त्याच गटावर आणखी पैसा लागतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे; पण कोंबडं झाकून बघायची तयारी फार थोड्यांची असते. ज्यांनी ती दाखवली त्यांचा अनुभव बोलका आहे. ईबे या कंपनीने गूगलवरच्या आपल्या जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत मुद्दाम बंद ठेवल्या आणि बाकीच्या भागांशी विक्रीची तुलना केली. टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी त्यावर लिहिलेला शोधनिबंध २०१५ साली 'इकॉनॉमेट्रिका'त आला. जाहिराती थांबवल्याने एकूण विक्रीत पडलेला फरक नगण्य होता. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट गटांची आहे. नवख्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर तो दिसला नाही, आणि जाहिरातीचा बहुतेक पैसा खर्च होत होता तो याच नेहमीच्यांवर. आरएफएमच्या तक्त्यात सगळ्यांत वर बसणारी माणसं ती हीच.

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण पंचांगात आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक नियम ठरलेला असतो: ३६५ दिवसांत खरेदी नाही, तर ते गिऱ्हाईक सुटलेलं समजायचं आणि त्याला परत बोलावण्यासाठी घसघशीत सूट द्यायची. नियम इंग्रजी कॅलेंडरवर बेतलेला आहे. महाराष्ट्रातली घरं सोनं, गाडी, टीव्ही घेतात ती पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला. २०२२ सालचं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं, म्हणजे मध्ये ३८४ दिवस. दसऱ्याचंही तेच, ५ ऑक्टोबरवरून थेट २४ ऑक्टोबर. वर्षातून एकदाच, पण न चुकता दिवाळीला सराफाची पायरी चढणारं घर सॉफ्टवेअरच्या लेखी ऑक्टोबरअखेर सुटलेलं ठरलं. त्याला परत बोलावणारा मेसेज गेला, मजुरीत सूट मिळाली, आणि दोन-तीन आठवड्यांत ते घर दुकानात हजर झालं. अशी मोहीम कागदावर देदीप्यमान दिसते. प्रत्यक्षात ज्याला सवलतीची गरज नव्हती त्याला ती देऊन झालेली असते, आणि वाट पाहिली की सूट मिळते हे त्याला शिकवूनही झालेलं असतं. तुलनेसाठी काही घरं तशीच सोडली असती तर तीही त्याच सुमारास आलेली दिसली असती आणि तिथल्या तिथे शंका आली असती. याच्या उलट चूकही होते. अधिक महिना नसलेल्या वर्षी सण अकरा दिवस अलीकडे येतात, आणि मागच्या वर्षीच्या याच तारखांशी तुलना करणारा तक्ता विक्री वाढल्याची खोटी बातमी देतो. पितृपक्षात विक्री पडली म्हणून घाईघाईने सवलत काढणाऱ्या परगावच्या मुख्यालयांबद्दल तर काय बोलावं.

गट माणसांचे असतात असं आपण म्हणतो. सॉफ्टवेअरपुढे असतात त्या नोंदी. दोन्हींत किती अंतर पडू शकतं ते बिलिंगच्या काउंटरवर उभं राहिलं की कळतं. मोबाइल नंबर एकाचा, खरेदी अख्ख्या घराची. त्यामुळे एकच माणूस बाळाचे डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कॉलेजच्या वह्या घेताना दिसतो, आणि त्याला कुठल्या गटात घालायचं हे कुणालाच कळत नाही. गिऱ्हाइकाने नंबर द्यायचं नाकारलं की कॅशियर स्वतःचा टाकतो, शिवाय पॉइंटही मिळतात, आणि मग साखळीतलं सगळ्यांत एकनिष्ठ गिऱ्हाईक म्हणून त्याच दुकानाचा नोकर यादीच्या माथ्यावर येतो. वाढदिवसाच्या मोहिमांत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या डोळ्यांत भरते. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर हीच तारीख लिहून टाकायचे, हे महाराष्ट्रात वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? आडनावावरून भाषा ओळखण्याचा प्रकारही असाच. जोशी मराठी असतात तसे गुजराती आणि कुमाऊंचेही असतात, कुलकर्णी धारवाडचेही असतात. राज्यावरून भाषा ठरवली तर बेळगावच्या मराठी घरी कन्नड, बडोद्याच्या घरी गुजराती आणि इंदूरच्या घरी हिंदी मेसेज जातो. त्यातही खर्चाची मेख आहे. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. मराठीत लिहायचं तर एकाचे दोन-तीन मेसेज होतात, म्हणून भाषेचा गट नीट पाडलेला असूनही शेवटी सगळ्यांना इंग्रजीच जातं.

पिनकोडचं तर वेगळं सांगायला हवं, कारण श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती ओळखण्यासाठी तो सर्रास वापरला जातो. आपल्या कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या आखणीतून हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. या आकड्यांचं काम पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत नेण्याचं, घरातल्या पैशांचा अंदाज देण्याचं नाही. मुंबईच्या ४०००१३ या एकाच पिनकोडात लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवरही आहेत आणि ना. म. जोशी मार्गावरची बीडीडी चाळही. या पिनकोडाच्या सरासरी बिलाचा जो आकडा येतो, तो दोन्हीकडच्या फारच थोड्या घरांना लागू पडतो. अशा चुकलेल्या गटाचं दुखणं हे की तो चुकला आहे असं स्वतःहून कधी सांगत नाही. सगळ्यांना पाठवलं, थोडी विक्री झाली, गट बरोबर होता असं ठरलं. मेसेज मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात काहीच फरक पडला नाही, हे दिसलं तरच कुणीतरी गटाच्या व्याख्येकडे परत वळून पाहतं.

यावर सांगितलं जातं की हाताने अटी टाकण्याचे दिवस गेले, आता यंत्रच नैसर्गिक गट शोधून देतं. हा दावा मी फार ऐकला आहे आणि त्यात नैसर्गिक या शब्दावर भर का असतो ते मला कधी पटलेलं नाही. सर्वांत प्रचलित पद्धत के-मीन्स. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली ती मांडली, के-मीन्स हे नाव जेम्स मॅक्वीन यांच्या १९६७ च्या लेखातलं. या पद्धतीला किती गट हवेत ते आपणच आधी सांगायचं असतं. पाच मागा, पाच मिळतात. नऊ मागा, नऊ मिळतात. यादीत मुळात एकही स्पष्ट गट नसला तरी मागितले तेवढे मिळतातच. रुपये आणि भेटींची संख्या एका मापावर न आणता दिली तर रुपयांचे मोठे आकडे बाकी सगळं गिळून टाकतात आणि निघालेले गट म्हणजे नुसती खर्चाची उतरंड असते. मग त्या गटांना नावं ठेवली जातात, हौशी तरुण, काटकसरी गृहिणी, चोखंदळ ज्येष्ठ, सोबत हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं लागतात, आणि तिथून पुढे गणिताचा कुणी विचार करत नाही, चित्रांचा करतात. मी गटाला दोन कसोट्या लावते. या गटाशी आपण इतरांपेक्षा वेगळं काय वागणार आहोत? आणि त्या वागण्याचा फरक पडला की नाही हे मोजता येईल का? दोन्हीला उत्तर नसेल तर तो गट सादरीकरणापुरता आहे.

मालकांचा पहिला आक्षेप सरळ असतो आणि तो रास्त आहे: दहा टक्के लोकांना मेसेजच पाठवायचा नाही म्हणजे तेवढी विक्री सोडायची का? हिशेब करून पाहू. समजा यादी एक लाखाची आहे. दहा हजार बाजूला ठेवले, नव्वद हजारांना २०० रुपयांचं कूपन पाठवलं. बाजूला ठेवलेल्यांपैकी २ टक्के, म्हणजे २०० जण, आपणहून आले. कूपन मिळालेल्यांपैकी २.६ टक्के, म्हणजे २,३४० आले आणि सगळ्यांनी कूपन वापरलं. डॅशबोर्ड २,३४० चा आकडा दाखवणार. पण नव्वद हजारांतले १,८०० तसेही येणार होते. मोहिमेने आणलेले फक्त ५४०. कूपनांवर गेले ४,६८,००० रुपये, म्हणजे प्रत्येक जादा गिऱ्हाइकामागे सुमारे ८६७. एका बिलावर तेवढी मिळकत नसेल तर ही यशस्वी मोहीम तोट्यात आहे. आता हे कळण्याची किंमत पाहा. दहा हजारांना पाठवलं असतं तर आणखी ६० जण आले असते, तेही दर माणशी त्याच ८६७ रुपयांना. एवढीच सोडलेली विक्री. मात्र इथे एक सावधगिरी हवी. २०० च्या जागी १७२ ते २२८ पर्यंत कितीही आले तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो, इतकं हे गणित ढिलं आहे. दहा हजारांतच एवढी ढिलाई, तर १२५ खणांचं काय होईल? एका खणात सरासरी ८०० माणसं, त्यातली बाजूला ठेवलेली ८०, त्यांतून येणारे एक किंवा दोन. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. म्हणून गट थोडे हवेत, मोजता येतील इतके मोठे हवेत. बारीक-बारीक गट पाडण्याची हौस सॉफ्टवेअर पुरवतं, पण शहाणपण पडताळण्याइतकी माणसं यादीत नसतात.

कंट्रोल ग्रुप आयताच मिळतो, वेगळा कशाला ठेवायचा, असंही म्हणतात. ज्यांनी डीएनडी लावलं आहे किंवा मेसेज बंद करायला सांगितलं आहे, त्यांच्याशी तुलना करा. हे चालत नाही. ज्यांनी स्वतः नको म्हटलं ती मुळातच वेगळ्या वृत्तीची माणसं. त्यांनी कमी खरेदी केली तर ती मेसेज न मिळाल्याने की दुकानच आवडत नसल्याने, हे कसं कळणार? मागच्या वर्षाशी तुलनाही लंगडी, हे दिवाळीच्या तारखांनी दाखवलंच आहे. निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली पाहिजे, आणि दुकानाच्या व्यवस्थापकाला त्या यादीतलं एकही नाव बदलता येता कामा नये. आपली खास गिऱ्हाइकं वगळू नका असा आग्रह हमखास होतो, आणि तो मानला की तुलना तिथेच संपते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप बायरन शार्प यांचा. २०१० सालच्या 'हाऊ ब्रँड्स ग्रो' या पुस्तकात त्यांनी भरपूर आकडेवारीनिशी दाखवलं की स्पर्धक ब्रँडांची गिऱ्हाइकं एकमेकांसारखीच असतात, आणि ब्रँड वाढतो तो क्वचित घेणाऱ्या असंख्य लोकांमुळे. मग गटबिट सोडा, जमेल तितक्या सगळ्यांपर्यंत पोहोचा. टूथपेस्ट विकणाऱ्या, टीव्हीवर जाहिरात देणाऱ्या कंपनीसाठी मला हे पटतं. पण ज्याच्याकडे स्वतःची यादी आहे, ज्याला दर मेसेजमागे पैसे मोजावे लागतात आणि ज्याची सवलत थेट गल्ल्यातून जाते, त्याला कुणाला वगळायचं हे ठरवावंच लागतं. शिवाय याच परंपरेतला एक निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. यंदा भरपूर घेणाऱ्यांतले बरेच जण पुढच्या वर्षी आपसूक कमी घेतात आणि यंदा काहीच न घेणाऱ्यांतले काही आपसूक परत येतात. म्हणजे सुटलेल्या गिऱ्हाइकांना परत बोलावणारी मोहीम काहीही न करतासुद्धा यशस्वी दिसणार, आणि खास गिऱ्हाइकांसाठीची योजना उत्तम असूनही अपयशी दिसू शकणार. नुसत्या आकड्यांकडे बघून दोन्हींचा निकाल उलटा लागतो.

एक-एका माणसासाठी वेगळा मेसेज रचणारी नवी यंत्रणा आली की गटांची गरजच संपेल, या म्हणण्यावर फार वेळ घालवायला नको. मेसेजने कुणाचं मन वळतं हे शिकायचं तर त्या यंत्रणेलासुद्धा मेसेज न मिळालेली माणसं दाखवावी लागतात. तसा डेटा साठवलेलाच नसेल तर ती कोण येणार होतं एवढंच शिकते, म्हणजे जुना आरएफएमच महागड्या वेशात.

आणि पाठवायला काय जातंय, चार पैशांचा तर मेसेज, हा समज आता टिकणारा नाही. मेसेज ज्यांना खरेदीपासून परावृत्त करतो अशीही माणसं असतात. वर्गणी आपोआप कापली जात आहे याची आठवण झाली की ती बंद करणारी, किंवा औषधांच्या दुकानाने आपलं दुखणं ओळखलं म्हणून चपापणारी. व्हॉट्सॲपवरचा जाहिरातीचा मेसेज एसएमएसपेक्षा बराच महाग पडतो आणि नंबर ब्लॉक करायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने संमती स्पष्ट असावी, कारण सांगून घेतलेली असावी आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं असं बंधन घातलं. १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई केली. घरातला एकच नंबर मुलंही वापरतात, हे लक्षात घेतलं तर यातली अडचण कळेल. एकदा नाही म्हटलेलं गिऱ्हाईक यादीतून कायमचं जातं, आणि ते ज्या मेसेजमुळे गेलं त्याचा काही उपयोग झाला होता का, हे अनेकांना आजही सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे अशी यादी आहे त्यांना एक विनंती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. महाराष्ट्रात २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ चं ८ नोव्हेंबरला आहे. अंतर ३८३ दिवसांचं. सॉफ्टवेअरमधला ३६५ दिवसांचा नियम सप्टेंबरातच ४०० वर नेऊन ठेवा. आणि नियम बदलणं तुमच्या हातात नसेल तर परत बोलावण्याच्या यादीतली दहा टक्के नावं चिठ्ठ्या टाकून बाजूला काढा, त्यांना काही पाठवू नका आणि भाऊबीज झाली की त्यांची बिलं मोजा.